जुन्या बुलेटचा नट किती आवळायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७६ ची बुलेट ३५० घरीच उघडली, हेडचं काम करून आणलं, आणि या वेळी सगळं मापात करायचं म्हणून नवा टॉर्क पाना घेतला, म्हणजे पिळायचा जोर (टॉर्क) ठरवलेल्या आकड्याला पोचला की वाजणारा. अर्धा इंची चौकोनाचा, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. रॉकर कव्हरच्या १/४ इंची नटाला १० न्यूटन-मीटर लावायचे असं कुठूनतरी कळलं. पाना 'टक' वाजेल म्हणून तुम्ही वाट बघत राहिलात आणि टक वाजायच्या आधी स्टडच (हेडमध्ये रुतवलेली आट्यांची कांडी) नटासकट गरगर फिरायला लागला. आता तुम्हाला गाडीतल्या प्रत्येक नटाचा आकडा हवा आहे.

आकडे देतो, पण आधी पान्यावर काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. २८ पासून सुरू होणारा पाना १० ला वाजणारच नाही. मूठ आणखी सैल करून काटा खाली नेता येतो, पण तिथे आतली स्प्रिंग ढिली असते आणि तो आकडा निव्वळ शोभेचा. तुमच्या त्या बारीक स्टडचा जीव २८ च्या निम्म्यालाच संपला होता. टक वाजणार कधी? टॉर्क पान्याच्या पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला शक्यतो जायचं नाही, हे मी स्वतःपुरतं ठरवून ठेवलंय. बुलेटला दोन पाने लागतात. एक ५ ते २५ चा छोटा आणि एक तुमच्याकडे आहे तसा. दोन्हीचे पैसे नसतील तर आधी छोटा घ्या, कारण जुन्या इंजिनात मरतात ते बारीक आटेच.

ते का मरतात याचा हिशोब सोपा आहे. बोल्टची जाडी दुप्पट झाली की त्याला झेपणारा टॉर्क आठपट होतो. सहा मिलीमीटरच्या ८.८ दर्जाच्या (हा पोलादाच्या ताकदीचा आकडा) बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर, आठच्या बोल्टला २५ आणि दहाच्याला ४९. बोल्ट थोडासाच जाड, पण आकडा कुठल्या कुठे जातो. आपला हात मात्र तोच राहतो. बारा सेंटिमीटरच्या छोट्या पान्यावर पंधरा किलोचा जोर सहज पडतो, म्हणजे जवळजवळ १८ न्यूटन-मीटर. सहाच्या बोल्टला हे पावणेदोनपट झालं. त्याच हाताने दहाचा बोल्ट आवळला तर तो ढिलाच राहतो. म्हणून नवशिक्याच्या गाडीत बारीक बोल्ट तुटलेले सापडतात आणि जाड बोल्ट सुटलेले.

आता मुळाशी जाऊ. बोल्ट आवळणं म्हणजे तो केसभर ताणणं. ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. आपल्याला हवा असतो तो हा ताण, पण मोजतो आपण पान्यावरचा जोर. त्या जोराचा जवळजवळ निम्मा भाग नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि ताणायला उरतो फार तर दहावा हिस्सा. घर्षण जरा बदललं की सगळा हिशोब फिरतो. कोरड्या, गंजट आट्यावर २५ ला टक वाजलं तरी बोल्ट ढिला असू शकतो. तोच आटा तेलाने माखला तर त्याच २५ ला ताण पाव हिश्शाने तरी जास्त पडतो. नवा पाना चार टक्क्यांच्या आत अचूक असला तरी ताणातला फरक पंचवीस-तीस टक्क्यांचा असतो, तोही चांगल्या आट्यांवर. पन्नास वर्षांच्या गाडीवर हा फरक किती वाढत असेल ते तुम्हीच बघा.

म्हणून मी आकड्याच्या आधी आटे बघतो. बुलेटमध्ये तर ते बघावेच लागतात, कारण ही गाडी इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातून आलेल्या नकाशांवर मद्रासला बनत राहिली आणि इंग्लंडचे आटे तिच्यात वर्षानुवर्षं राहिले. बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटा), व्हिटवर्थ, सायकल आटा, आणि पुढच्या काळात मेट्रिकही, सगळं एकाच गाडीत. त्यावर मधल्या तीन-चार मालकांनी जे हाताला लागलं ते घुसवलेलं. आमच्याकडे अजून सुताची भाषा चालते. इंचाचे आठ सूत, म्हणजे १/४ इंच दोन सूत, ५/१६ अडीच सूत आणि ३/८ तीन सूत. पण सूत फक्त जाडी सांगतं. आटा कुठला ते सांगत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

तुमचाच १/४ इंच घ्या. बीएसएफमध्ये इंचाला २६ आटे आणि सायकल आट्यातही २६ च. फरक आट्याच्या कोनाचा. बीएसएफचा ५५ अंश, सायकलचा ६०. एकाचा नट दुसऱ्याच्या स्टडवर बिनतक्रार बसतो, पण भिडतो तो कडेकडेने. हाताने फिरवून बघणाऱ्याला कळतही नाही. जोर आला की त्या कडा दबतात.

याहून वाईट म्हणजे सहा मिलीमीटरचा मेट्रिक बोल्ट. त्याचा एक आटा एक मिलीमीटरचा आणि २६ वाल्याचा ०.९७७. बोल्टची जाडी ६.०, भोक ६.३५ चं. बोल्ट लोण्यासारखा आत जातो आणि बसवणाऱ्याला वाटतं, जमलं! प्रत्यक्षात आट्याची तिसरा हिस्सा पकड तिथेच गेलेली असते. शिवाय दर फेऱ्याला थोडं थोडं अंतर चुकत गेल्याने सगळा भार एक-दोन आट्यांवरच येतो. तुमच्या कव्हरच्या स्टडच्या भोकात आधी कुणीतरी हेच केलेलं असण्याची शक्यता मला फार वाटते. अॅल्युमिनियमचे मूळ आटे शाबूत असते तर ते इतक्या मुकाट्याने जात नाहीत.

एक पिच गेज घ्या. तो दातेरी पात्यांचा जुडगा असतो, मेट्रिक आणि ५५ अंशाचा असे दोन. बोल्टवर पातं ठेवून उजेडाकडे धरा. मधून उजेड आला नाही की तो आटा तुमचा. त्याच वेळी आणखी एक गोष्ट बघून घ्या. त्याच मापाचा नवा बोल्ट जुन्यावर आटा-आट्यात बसवून धरा. काही आटे बसले आणि पुढे फट पडायला लागली तर जुना बोल्ट ताणला गेलाय. तो कितीही चकचकीत दिसला तरी कचऱ्यात टाका.

पाने सुद्धा त्याच घराण्याचे लागतात. व्हिटवर्थ पान्यावरचा १/४ हा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नाही. तोंड साडेतेरा मिलीमीटरच्या अलीकडे भरतं. त्यावर चौदाचा पाना लावला की कोपरे गोल होतात आणि जोर किती लागतोय ते हाताला कळत नाही. मी माझे बहुतेक इंची पाने पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवार-रविवारी चाळून जमवलेत. गंजलेले मिळतात, पण पोलाद चांगलं असतं.

आटे ओळखले की ते साफ करायचे. तारेचा ब्रश आणि रॉकेल पुरतं. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचाच असेल तर बरोबर मापाचा, हाताने, आणि जोर लागला तर लगेच थांबायचं. टॅप आटे साफ करतो तसाच खातोही. बंद भोकात तेल किंवा रॉकेल साचू देऊ नका. मी एकदा घाईत तेल भरलेल्या भोकात बोल्ट पिळला होता. तेल दबत नाही, बाहेर यायला वाट नव्हती, आणि क्रँककेसचा कोपरा 'कट्' असा बारीक आवाज करून फुटला. वेल्डिंग, लेथ आणि सहा आठवडे गेले. तेव्हापासून प्रत्येक भोकात हवा मारल्याशिवाय मी बोल्टला हात लावत नाही. डोळ्यांवर चष्मा लावून मारा, आतलं सगळं तोंडावर उडतं.

आता आकडे. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत एखाद्या जागेचा आकडा दिला असेल तर तोच खरा. पण त्या काळच्या पुस्तिका दोन-चार जागांचे आकडे देऊन बाकी 'घट्ट आवळावे' एवढ्यावर सोडतात. वाचणारा मेकॅनिक आहे हे त्यांनी गृहीत धरलेलं असायचं. एकक नीट वाचा. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर आणि ७.२ फूट-पौंड. इंच-पौंडाचा आकडा फूट-पौंड समजून आवळला तर बारापट होतो, आणि असं करून बसलेले लोक मी पाहिलेत.

जिथे आकडा नाही तिथे मी स्वच्छ आट्यावर इंजिन ऑइलचा एक थेंब लावून इथून सुरुवात करतो. अॅल्युमिनियमच्या आट्यात बसणाऱ्या १/४ इंचीला ७ ते ८ न्यूटन-मीटर, ५/१६ ला १५ ते १७. पोलादी स्टडवर पोलादी नट असेल तर १/४ ला १० आणि ५/१६ ला २० ते २२. तीन सुती पोलादी स्टडला ३२ ते ३५. नव्या ८.८ दर्जाच्या पोलादाला याहून थोडं जास्त झेपतं, पण जुना स्टड कुठल्या पोलादाचा आहे आणि किती वेळा पिळला गेलाय ते आपल्याला माहीत नसतं. शिवाय स्टडचं दुसरं टोक जर अॅल्युमिनियममध्ये असेल तर आकडा अॅल्युमिनियमचा धरायचा, नटाचा नाही. जोडीतला जो सर्वांत अशक्त, त्याच्या बेताने. अॅल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या जाडीच्या दुप्पट तरी आत गेलेला असावा. पोलादात जाडीइतका पुरतो.

हल्ली सगळीकडे स्टेनलेसचे अॅलन बोल्ट बसवायची हौस आहे. दिसतात छान. पण ए२-७० दर्जाचं स्टेनलेस ८.८ च्या पोलादापेक्षा बरंच आधी ताणतं, ४५० विरुद्ध ६४० मेगापास्कल. म्हणून आकडा तीस टक्क्यांनी खाली आणा आणि आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं मलम) लावा. नाहीतर अॅल्युमिनियमशी त्याचं असं जुळतं की दोन वर्षांनी बोल्ट आट्यांसकट बाहेर येतो. हेडच्या स्टडला मात्र स्टेनलेस नकोच.

हेडचं सांगतो, कारण तुमचं तेच काम चाललंय. खाली बिडाचा सिलेंडर, वर अॅल्युमिनियमचं हेड. अॅल्युमिनियम गरम झालं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. त्यामुळे गरम इंजिनवर लावलेला आकडा खोटा असतो. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. नट समोरासमोर, तीन फेऱ्यांत: आधी १०, मग २०, मग शेवटचा आकडा. शेवटच्या फेरीत पाना हळू आणि एका दमात ओढायचा. हिसका द्यायचा नाही आणि टक वाजल्यावर 'अजून एकदा' म्हणून पुन्हा ओढायचं नाही. नंतर गाडी चालवून पूर्ण गरम करा, रात्रभर थंड होऊ द्या, मग एकेक नट पाव फेरा सोडून परत आकड्यावर आणा. नुसतं वरून टक वाजवून बघण्यात अर्थ नाही, कारण बसलेला नट हलवायला जास्त जोर लागतो आणि पाना तिथेच वाजतो. पन्नासेक किलोमीटरनंतर हे पुन्हा एकदा करा. पॅकिंग दबत राहतं.

इंजिनाच्या पंखांमुळे सॉकेट बसत नसेल आणि पान्याच्या तोंडाला पुढे जोड लावावी लागली, तर सरळ रेषेतली जोड टॉर्क वाढवते. चाळीस सेंटिमीटरच्या पान्याला दहाची जोड असेल तर ५० हवे असताना पाना ४० वर लावा. जोड काटकोनात बसली तर काही बदलायला नको.

बुलेटच्या तीन जागा अशा आहेत की तिथे आकड्यापेक्षा डोकं लागतं. पहिली, डावीकडचं प्रायमरी चेन कव्हर. अख्खं कव्हर मधल्या एका नटावर. तेल गळायला लागलं की लोक तो नट पिळत सुटतात. कव्हर मध्ये दबतं, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. गळती थांबवतं ते कडेचं रबर. रबर नवं टाका, नट बेताने लावा.

दुसरी, रॉकरचे ठोकळे. त्यांचे वरचे आणि खालचे भाग जोडीने कोरलेले असतात, त्यांची अदलाबदल करू नका. आवळताना दर पाव फेऱ्याला रॉकर बोटाने हलवून बघा. शेवटच्या आकड्यालाही तो मोकळा झुलला पाहिजे. अडकला तर बोल्ट सोडा आणि ठोकळ्याखाली काय आलंय ते शोधा. पॅकिंगचा एक कण पुरतो.

तिसरी, टायमिंग बाजूला क्रँकच्या टोकावरचा वर्म नट. तो उलट्या आट्याचा आहे. सोडतोय असं समजून आवळणारे दरवर्षी भेटतात.

स्पार्क प्लगला तर पानाच नको. १४ मिलीमीटरचा नवा प्लग बोटांनी बसेपर्यंत फिरवा आणि मग अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबा. नवी वायसर तेवढ्यात नीट दबते. जुनाच प्लग परत बसवताना वायसर आधीच दबलेली असते, तेव्हा फेऱ्याचा दहावा-बारावा भाग पुरे.

टोपीवाल्या नटांची एक गंमत. स्टड लांब असेल तर त्याचं टोक टोपीच्या आत टेकतं. पाना टक वाजतो, तुम्ही खूश, आणि खाली कव्हर ढिलंच. टोपीत मुलांच्या मातीची गोळी घालून एकदा नट बसवून काढा. माती किती चेपली ते बघितलं की उमगतं. नायलॉनच्या कड्याचा नट असेल तर तो नुसता फिरवायलाच किती लागतं ते आधी मोजा आणि तेवढं आकड्यात मिळवा.

तुमचा पाना खरं बोलतो का, ते घरीच बघता येईल. पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये धरा, दांडा आडवा. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ४० सेंटिमीटर आलं. तिथे पाण्याचा कॅन टांगा, कॅन आणि पाणी मिळून दहा किलो. दहा किलो गुणिले ०.४ मीटर म्हणजे ४ किलोग्रॅम-मीटर, ३९ न्यूटन-मीटर. दांड्याच्या स्वतःच्या वजनाचे एक-दोन वर धरा. पाना ४० ला लावून कॅन अलगद सोडला तर टक वाजायच्या बेतात असला पाहिजे. ३० ला हमखास वाजला पाहिजे आणि ५० ला वाजता कामा नये. काम झालं की मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा आणि पान्याने बोल्ट सोडवू नका.

शेवटी हातच तयार करावा लागतो, कारण टायमिंग कव्हरच्या चिरेवाल्या स्क्रूवर टॉर्क पाना सरळ बसत नाही. व्हाइसमध्ये एक जाड नळी धरा, तिच्यातून सहाचा बोल्ट आणि पलीकडे नट. डोळे मिटून साध्या पान्याने '८ झाले' असं वाटेपर्यंत आवळा, मग छोट्या टॉर्क पान्याने बघा कुठे आहात. वीस-पंचवीस वेळा केलंत की फरक एक-दोनवर येतो. छोटा पाना मुठीच्या टोकाला न धरता तोंडाजवळ धरायची सवय लावा. मग एक बोल्ट मुद्दाम तोडा. पाना जड जड होत जातो आणि एका क्षणी फिरत राहतो पण जड व्हायचा थांबतो. मऊ लागतो. तो क्षण हाताला एकदा कळला की कामात तो यायच्या आधी हात थांबतो, आणि यायलाच लागला तर पाना काढून बोल्ट बदलायचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या आठवड्यात मी दहा बोल्ट तोडायला देतो. दहा बोल्टची किंमत एका क्रँककेसपुढे काहीच नाही.

आता तुमचा फिरणारा स्टड. त्यावर दोन नट एकमेकांवर कसून खालच्या नटाने उलटा फिरवा, वर ओढत राहा. निघाला की आट्यांत अॅल्युमिनियमचे कुरळे केस अडकलेले दिसतील. टूथपिकने भोकाचा तळ चाचपा. खाली चार-पाच आटे शाबूत असतील आणि भोक खोल असेल तर लांब स्टड टाकून भागेल. नसतील तर सहा मिलीमीटरचं हेलिकॉईल (भोकात नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवा. त्याचं ड्रिल ६.३ चं असतं आणि तुमचं गेलेलं १/४ इंची भोक आधीच जवळपास तेवढं झालंय, त्यामुळे ड्रिल फिरवायचंही फारसं काम राहत नाही, त्याचा टॅप सरळ धरून मारला की झालं. टॅप मारताना भोकात ग्रीस भरा, म्हणजे चुरा त्यातच चिकटतो आणि हेडमध्ये पडत नाही. मूळ इंची आटाच ठेवायचा असेल तर लेथवाल्याकडून बाहेरून जाड, आतून १/४ असा बुश करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असलं काम करणारे बरेच आहेत, तुमच्या गावातही एखादा सापडेल. जाताना नमुन्याला दुसरा शाबूत स्टड आणि पिच गेजवर आलेला आकडा कागदावर लिहून न्या. नुसतं 'दोन सूत' सांगितलंत तर तो त्याच्या हातात असलेला टॅप मारून मोकळा होईल.